हिशेबात न धरलेले हात

चोवीस वर्षं मी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी केली आणि २०१७ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ती सोडून घरी उदबत्त्या आणि धूप करायला बसलो. 'कवी माणूस, सुगंधाच्या नादी लागला असेल,' असं ओळखीचे लोक म्हणाले. मी हसून सोडून दिलं. खरं कारण माळ्यावर होतं.

माझे अब्बा अत्तराची पेटी खांद्याला लावून मिरजेहून गावोगाव फिरायचे. उरूस असो की देवाची जत्रा, त्यांची पेटी तिथं असायचीच. वरच्या कप्प्यात अत्तराच्या कुप्या, खाली उदबत्त्या, बुक्का आणि अष्टगंध. ही पेटी मुलाच्या खांद्यावर येऊ नये म्हणून त्यांनी मला बी.ए. केलं. मला नोकरी लागली त्या आठवड्यात त्यांनी ती स्वतःच्या हातानं माळ्यावर टाकली. ते गेल्यानंतर साफसफाई करताना मी ती उघडली. कुप्या सुकल्या होत्या. पण लाकडाला वाळ्याचा वास तसाच होता. मग संध्याकाळी कामावरून आल्यावर मी थोडा थोडा मसाला करू लागलो. आधी शेजारच्यांनी नेला, मग दुकानदारांनी मागितला. दोन दिवाळ्यांनंतर नोकरी आणि उदबत्ती यांतलं एक सोडणं भाग पडलं.

उदबत्ती हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यातला ऊद अरबीतून आला आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ऊद म्हणजे मूळ अर्थानं लाकूड, सुगंधी अगरूचं लाकूड. आपल्याकडे बाजारात ऊद म्हणून मिळतो तो मात्र झाडाचा डिंक. अत्तर हा शब्दही अरबीच. आमच्या मसाल्यात या उदाच्या जोडीला नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा असतो. म्हणजे दिवाळीच्या उटण्यातली निम्मी मंडळी दर्ग्यासाठीच्या धुपातही भेटतात. हे सगळं कुटून, वस्त्रगाळ करून, चिकटपणासाठी जिगट घालून कणकेसारखं मळायचं. मग पाटावर बांबूची काडी ठेवायची आणि तळहातानं मसाला तिच्यावर वळायचा. दाब कमी पडला तर वाळल्यावर मसाला गळतो, जास्त झाला तर उदबत्ती मध्येच विझते.

पहिल्याच पावसाळ्यानं आम्हाला धडा शिकवला. उदबत्ती सावलीत वाळवावी लागते आणि आषाढात सावलीलाही ओल असते. चौदा किलो मालाला बुरशी आली. तो फेकताना माझी लेक दारात उभी होती. तिच्या कॉलेजची फी त्याच महिन्यात भरायची होती. ती भविष्य निर्वाह निधीच्या पैशांतून भरली. तेव्हापासून श्रावण-गणपतीचा माल आम्ही मे महिन्यातच वाळवून डब्यांत बंद करतो. रमजानचं आणि उरसाचं गणित वेगळं. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे ते सण दर वर्षी अलीकडे सरकतात. म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर आम्ही दोनदा वाचतो.

पण आज मला सांगायचं आहे ते यापेक्षा वेगळं. मार्च २०१९मध्ये मी वर्षाचा हिशेब मांडला. काड्या, जिगट, ऊद, पाकिटं, एस.टी.चं भाडं, सगळं तारीखवार. नफा निघाला एकसष्ट हजार. मोठ्या उमेदीनं वही बायकोपुढं धरली. तिनं दोन्ही पानं शांतपणे वाचली आणि विचारलं, "अहो, यात माझे हात कुठं लिहिलेत?"

मला कळेना. ती मूळची सोलापूरची. तिच्या आईनं आयुष्यभर विड्या वळल्या. ती म्हणाली, "अम्मीला कारखानदार हजार विड्यांमागं मजुरी द्यायचा. थोडी असेल, पण लिहिलेली असायची. मी दिवसाला आठशे काड्या वळते. त्या कुठल्या पानावर आहेत?"

चोवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कामगारांची मजुरी पैशापैशानं मांडली होती. माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत वळलेल्या दोन लाख काड्या मला दिसल्या नव्हत्या. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून हिशेब पुन्हा केला. तिची आणि माझी मजुरी धरली तेव्हा नफा गेला आणि नऊ हजारांचा तोटा उरला. म्हणजे वर्षभर आम्ही गिऱ्हाइकाला पदरचे पैसे देऊन उदबत्ती विकत होतो, आणि ते पैसे बहुतेक तिचे होते.

पंचवीस रुपयांचं पाकीट आम्ही चाळीसला केलं. तीन दुकानदारांनी माल बंद केला. यंत्रावरची उदबत्ती निम्म्या किमतीत मिळते, त्यांचंही खरंच होतं. एक दिवाळीनंतर परत आला, दोघं आले नाहीत. पुढं ऑगस्ट २०१९मध्ये केंद्र सरकारनं उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले. जून २०२०मध्ये बांबूच्या काडीवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के झालं. बाहेरच्या मालाची स्पर्धा कमी होईल असं सगळे म्हणाले. आम्हाला मात्र काडीच महाग पडू लागली. तेव्हाही आम्ही पाकिटात दोन काड्या कमी केल्या, मजुरीला हात लावला नाही. दर महिन्याच्या एक तारखेला ती तिच्या बँक खात्यात जमा होते. त्या पैशांचं ती काय करते, मी विचारत नाही. कारखान्यातल्या माझ्या पगाराचं मला कोण विचारत होतं?

नोकरी सोडून असं काही करावं का, असं पत्रातून, फोनवरून पुष्कळजण विचारतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. धूर हा शेवटी धूरच. तेव्हा उदबत्ती लावताना खिडकी उघडी ठेवा, आणि घरात दमेकरी असेल तर लावूच नका. विकणाऱ्यानं हे स्वतःहून सांगावं. दुसरं म्हणजे, वहीच्या पहिल्या ओळीत सामान लिहू नका. आधी घरातले हात लिहा, नावानिशी. त्यानंतरही काही उरत असेल, तर राजीनामा द्या.

अब्बांच्या पेटीत आता आमच्या वह्या असतात. अम्मीनं त्यांच्यासाठी किती हजार फाये वळले असतील, याची नोंद मात्र त्या पेटीत कुठंच सापडली नाही.