नवें समाजमाध्यम जुन्याला हटवूं शकेल काय ?



उत्तरेकडे जाणाऱ्या एखाद्या लांब पल्ल्याच्या गाडींत आपण बसलां असाल, तर कसाऱ्याला गाडी थांबते व चढाकरितां तिला मागून आणखी इंजिनें जोडलीं जातात, हें आपण पाहिलें असेल. येथून इगतपुरीपर्यंत थळ घाट आहे. १८६५ सालीं हा लोहमार्ग खुला झाला. सदतीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें, असा त्याचा चढ. पुढचें इंजिन सपाटीवर कितीहि जोरकस असो, येथें त्याला पाठीमागून रेटा लागतो. आणि तो रेटा घाटमाथा येईपर्यंत टिकावा लागतो. आजच्या विषयाशीं या घाटाचा संबंध काय, हें थोड्याच वेळांत आपल्या ध्यानांत येईल.

समाजमाध्यमांच्या क्षेत्रांत एकानें घट्ट बैठक जमविल्यावर नवागताला त्याच्याशीं सामना देतां येईल काय, असा आजचा प्रश्न आहे. तो केवळ व्यापाऱ्यांचा नाहीं. आमच्या लोकलमधल्या माणसांचाहि तो आहे, हें मी स्वतःच्या अनुभवानें सांगतों.

पहाटेच्या गाडीनें कसाऱ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या आम्हां तीस-पस्तीस जणांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. गाडी किती उशिरानें आहे, कोणाला बरें नाहीं, रात्रीं स्टेशनाबाहेर जीप मिळेल कीं नाहीं, अशा गोष्टी त्यावर कळतात. ज्यांचें गांव स्टेशनापासून पांच-सात मैल आंत आहे, त्यांना या शेवटच्या गोष्टीचें मोल विचारावें. मध्यंतरीं आमच्यांतील तरुण मंडळींनीं ठरविलें कीं, आपलें सारें बोलणें एकाच परकीय कंपनीच्या हातीं असणें बरें नव्हे. आपण दुसऱ्या एका नव्या जाळ्यावर जावें. हेतु चांगला होता. निम्मे गेले, निम्मे राहिले. पुढें एका पावसाळी रात्रीं आसनगांवाजवळ गाडी अडकली. 'शेवटच्या गाडीसाठीं जीप थांबवून ठेवली आहे, पुलाच्या पलीकडे या,' हा निरोप नव्या जाळ्यावर पडला. आमच्यांतील एक परिचारिकाताई जुन्यावरच राहिल्या होत्या. त्यांना तो मिळाला नाहीं, आणि जीप पुलापलीकडे उभी असतां त्या फलाटावरील बांकावर उजाडेपर्यंत बसून राहिल्या. यंत्र दोन्हीकडचें नीट चाललें होतें. आमचा गटच दुभंगला होता.

येथेंच या प्रश्नाचें वर्म आहे. २०२५ च्या जून महिन्यांत समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा अखेरचा टप्पा खुला झाला. त्यांतील सुमारें आठ किलोमीटरच्या बोगद्यानें घाट टळतो. ज्या मोटारवाल्याला तो रस्ता पसंत पडला, तो त्याच दिवशीं तिकडे वळला. त्याला शेजाऱ्याची संमति घ्यावी लागली नाहीं. रस्ता एकट्याच्याहि उपयोगी पडतो. जाळ्याचें तसें नाहीं. तेथें वस्तु म्हणजे यंत्र नव्हे, तेथें जमलेलीं माणसें हीच वस्तु. नवें यंत्र दुपटीनें सरस असलें, तरी तेथें आपली बहीण नसेल, तर तें आपल्याला रिकाम्या धर्मशाळेसारखें वाटतें. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत बसतो, आणि कोणीच हालत नाहीं.

मग जुनें कधींच हटत नाहीं काय ? तसेंहि नाहीं. २००४ च्या जानेवारींत ऑर्कुट निघालें व पुढें भारतांत घरोघर त्याचें नांव झालें. २०१० च्या सुमारास फेसबुकनें त्याला येथें मागें टाकलें, आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजीं ऑर्कुट बंद झालें. परंतु त्या काळीं भारतांत इंटरनेट थोड्यांच्याच हातीं होतें, हें विसरूं नये. पुढें जे कोट्यवधि लोक आले, त्यांना कोठून उठून यावयाचें नव्हतें. ते सरळ नव्या ओसरीवर बसले. आज व्हॉट्सॲपवर एकट्या भारतांत पन्नास कोटींच्या घरांत माणसें आहेत. आतां नवागताला माणसें मिळवावयाचीं तीं दुसऱ्याच्या घरांतून उठवूनच.

खुद्द व्हॉट्सॲपनें मोबाइलवरील एसएमएसला कसें मागें सारलें, तेंहि पाहण्यासारखें आहे. एसएमएसला दर संदेशामागें पैसे पडत, आणि दिवाळी वा नववर्ष अशा दिवशीं सवलतीचे दर लागू नसत. म्हणजे ज्या दिवशीं माणसाला बोलावेंसें वाटे, नेमक्या त्याच दिवशीं बोलणें महाग. व्हॉट्सॲपनें हें दुखणें दूर केलें, आणि फोनमधल्या नंबरांच्या वहीवरूनच ओळखीचीं माणसें जोडून दिलीं.

आतां रेट्याची गोष्ट. २०२० सालीं बंगळूरहून 'कू' हें माध्यम निघालें. मराठीसह अनेक देशी भाषांत त्यावर लिहितां येई. २०२१ च्या आरंभीं सरकार व ट्विटर यांच्यांत वाद झाला, तेव्हां केंद्रीय मंत्री कूवर आले, त्यांच्यामागें लोक आले. भरभराटीच्या काळीं तेथें रोज सुमारें एकवीस लाख माणसें येत, असें चालकांनींच सांगितलें आहे. पण विकत घेणाऱ्यांशीं चाललेलीं बोलणीं फिसकटलीं, पैसा आटला, आणि जुलै २०२४ मध्यें कू मिटलें. 'अरट्टई' या झोहो कंपनीच्या जाळ्याचेंहि उदाहरण घ्या. तमिळमध्यें या शब्दाचा अर्थ गप्पाटप्पा. २०२१ पासून तें होतें. सप्टेंबर २०२५ मध्यें स्वदेशीच्या हांकेसरशीं त्याची नोंदणी दिवसाला तीन हजारांवरून साडेतीन लाखांवर गेली. मात्र त्या वेळीं त्यावरील लेखी संदेशांना व्हॉट्सॲपसारखें संपूर्ण गुप्ततेचें कुलूप नव्हतें, आणि कांहीं आठवड्यांत ती लाट ओसरली. दोन्ही ठिकाणीं मागचें इंजिन जोडलें गेलें खरें, पण घाट अर्धा असतांनाच तें सुटलें. याउलट, जुलै २०२३ मध्यें निघालेल्या 'थ्रेड्स'ला पहिल्या पांच दिवसांत दहा कोटि माणसें मिळालीं, कारण इन्स्टाग्रामवरील खात्यानेंच तेथें शिरतां येत होतें. पण हा रेटा प्रस्थापिताच्या स्वतःच्या कारखान्यांतला होता. आणि नुसता रेटाहि पुरत नाहीं. गूगलसारख्या धनाढ्य कंपनीचें 'गूगल प्लस' २०११ सालीं निघून २०१९ मध्यें बंद पडलें.

तेव्हां माझें उत्तर असें : समोरासमोर, जुन्याचीच नक्कल करून, नवागत जिंकणार नाहीं. जुन्यानें न केलेलें काम हातीं घेतलें, तर तो आपल्यापुरती जागा मिळवूं शकेल. मुंबईच्या लोकलचे प्रवासी ज्या एम-इंडिकेटरवर वेळापत्रक पाहतात, त्यावर गाड्यांविषयीं बोलण्याचीहि सोय आहे. तेथें ओळख लागत नाहीं. आपण एकाच मार्गावर अडकलों आहों, एवढें नातें पुरतें.

पण खरा उपाय कायद्याचा आहे. २०११ पासून आपल्याला तोच नंबर ठेवून देशभर कोणत्याहि मोबाइल कंपनीकडे जातां येतें. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआयमध्यें देणाऱ्याचें ॲप एक आणि घेणाऱ्याचें दुसरें असलें, तरी स्टेशनावरच्या चहावाल्याला पैसे पोहोंचतात. पैशाला जें साधलें, तें निरोपाला कां साधूं नये ? युरोपीय संघानें आपल्या डिजिटल बाजार कायद्यान्वयें व्हॉट्सॲपवर असेंच बंधन घातलें आहे कीं, मागणी करणाऱ्या दुसऱ्या जाळ्यांशीं निरोपांची देवघेव करावी. यांत गुप्तता राखण्याचें काम अवघड आहे, हें खरें. परंतु तशी सोय झाली, तर ज्याला नवें हवें त्याला जुन्यांतील आप्तांना सोडावें लागणार नाहीं, आणि मग स्पर्धा यंत्रांच्या गुणांवर होईल.

तोंवर आम्हीं एक साधा नियम केला आहे. गप्पा कोणीं कोठेंहि माराव्या. रात्रीच्या जिपेचा निरोप मात्र सारे आहेत त्या एकाच ठिकाणीं टाकावा, आणि ज्याचें उत्तर येणार नाहीं त्याला फोन करावा. नव्या जाळ्यावर जावयाचें झालें, तर एक दिवस नेमून सर्वांनीं मिळून जावें, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत जुनें दार लावूं नये. त्या परिचारिकाताईंनींच हा नियम सुचविला, आणि तो अद्याप कोणीं मोडलेला नाहीं.