शिए जुन : दोन पटांवरील वाटचाल



२०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आपणा सर्वांचाच ऊर अभिमानाने भरून आला. त्या निमित्ताने आज एका चिनी खेळाडूची ओळख करून देण्याची अनुज्ञा घेतो. शिए जुन हे तिचे नाव. तिचा जन्म १९७० सालचा. बीजिंगमध्ये वाढलेली ही मुलगी सहाव्या वर्षी बुद्धिबळ खेळू लागली. परंतु ते आपले बुद्धिबळ नव्हे, तर शियांगची, म्हणजे चिनी बुद्धिबळ. दहाव्या वर्षी ती बीजिंगमधील मुलींची विजेती झाली होती.

या खेळात मोहरी घरांत नव्हे, रेषांच्या छेदांवर मांडतात. उभ्या रेषा ९, आडव्या १०, आणि मध्ये नदी. आपल्या राजाच्या जागी तेथे सेनापती असतो. नऊ बिंदूंचा महाल सोडून त्यास बाहेर पडता येत नाही. आपला हत्ती पटभर सरळ धावतो. तिकडचा बिचारा तिरपा दोन पावले चालतो आणि नदी ओलांडीत नाही. तोफ मात्र विलक्षण! मध्ये नेमके एक मोहरे असेल तरच त्यावरून उडी घेऊन ती पलीकडचे मोहरे मारते. वजीर नाहीच, त्यामुळे प्याद्याने शेवटची रांग गाठून वजीर होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

पुढे शासकीय अधिकाऱ्यांच्या आग्रहावरून ती आंतरराष्ट्रीय बुद्धिबळाकडे वळली. ज्या खेळात नाव मिळविले तो बाजूला सारून पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावयाचा, हे कोवळ्या वयातही सोपे नसते. जुने ज्ञान कधी कधी आडवेच येते. शियांगचीत ज्याला चालच उरत नाही तो हरतो. आंतरराष्ट्रीय खेळात, राजाला शह नसेल तर, त्याच कोंडीमुळे डाव बरोबरीत सुटतो. हातची जिंकलेली बाजी जुन्या सवयीने अर्ध्या गुणावर यावयाची! तिच्या आक्रमक खेळात त्या तोफेची छाया शोधण्याचा मोह होतो, पण तो मी आवरतो. चाली दूरवर मोजण्याचा सराव मात्र कोणत्याही पटावर वाया जात नाही.

१९५० पासून महिलांचे जगज्जेतेपद सोव्हिएत खेळाडूंकडेच होते. १९७८ पासून ते माया चिबुर्दानिद्झे हिने राखले होते. १९९१ साली मनिला येथे शिए जुनने तिला साडेआठ विरुद्ध साडेसहा गुणांनी हरविले. त्या वेळी तिला एकविसावे वर्ष चालू होते. १९९३ साली नाना योसेलियानीविरुद्ध तिने पद राखले. १९९६ साली मात्र स्पेनमध्ये सुसान पोल्गारने तिचा साडेआठ विरुद्ध साडेचार असा स्पष्ट पराभव केला. माझ्या मते तिची खरी कसोटी मनिलात नव्हे, या पराभवानंतर लागली. १९९९ साली अलिसा गालियामोवाला हरवून तिने गेलेले पद परत मिळविले.

त्याच्या पुढच्याच वर्षी जगज्जेतेपदाची स्पर्धा भरली ती आपल्या नवी दिल्लीत. बाद पद्धतीच्या त्या स्पर्धेची अंतिम लढत शिए जुनने जिंकली. समोर बसली होती छिन कानयिंग, तीही चीनचीच.