मुक्या जिवावर उठणारा हात



समितीने आम्हाला वर्धापनदिनी दोन शब्द बोलायला सांगितले. आम्ही काही पंडित नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि गिरणीच्या रातपाळीत झाले. म्हणून आज पुस्तकातले थोडे आणि घरातले जास्त बोलणार आहोत. विषय असा की, ज्या घरात मुक्या जनावराला मार बसतो, त्या घरातले लेकरू सुखात असते काय?

बावीस-तेवीस वर्षांमागची गोष्ट. आम्ही रिंग खात्यात होतो. धागे तुटले, माल खराब निघाला की जॉबर चारचौघांत वाट्टेल ते बोलायचा. तिथे तोंड उघडायची सोय नव्हती. मग ती आग घरी यायची, आणि येताना दारूच्या दुकानावरून यायची. पोराच्या हातून दूध सांडले तरी आमच्या कमरेचा पट्टा निघायचा. एक दिवस पाळीवरून आलो, तर पोरगा घरामागे कुत्र्याच्या पिल्लाला खुंटीला बांधून काडीने झोडपत होता. आम्ही ओरडलो, “काहून मारून राह्यला बे त्याले?” तो म्हणाला, “त्यानं दूध सांडवलं. आता समजंल त्याले.”

“आता समजंल त्याले” हे शब्द आमचे होते. पट्टा काढताना आम्ही नेमके हेच म्हणत असू. आणि त्या वेळी आम्ही काय केले? पिल्लाला मारले म्हणून पोराला मारले! आमची माय ओट्यावरून पाहत होती. ती एवढेच म्हणाली, “मारानं मार कसा सुटंल, बापा?” ही आमची चूक आज भर सभेत कबूल करतो, कारण इथे बसलेल्या कैक घरांत ती आजही होत असेल.

पुढे वाचता वाचता पाली भाषेतल्या ‘उदान’ ग्रंथातला प्रसंग आमच्या हाती लागला. श्रावस्ती आणि जेतवन यांच्या मधल्या वाटेवर काही पोरे मासे छळत होती. तथागतांनी त्यांना काठी दाखवली नाही. जवळ जाऊन विचारले, दुःखाची तुम्हाला भीती वाटते काय? ते तुम्हाला नकोसे वाटते काय? पोरे हो म्हणाली. बंधूंनो, त्यांनी आधी पोरांचे दुःख विचारले, मग माशांचे समजावले. आम्हाला आमच्या पोराचे दुःख विचारायचे सुचले नाही, कारण ते दुःख देणारे आम्हीच होतो.

हे काही एकट्या आमच्या घरातले नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात १८७४ साली मेरी एलन नावाची दहा वर्षांची पोरगी होती. सांभाळणारी बाई तिला रोज मारायची. शेजारपाजारला माहीत होते, कायदाही अगदीच नव्हता असे नाही, पण धावून जाणारे कोणी नव्हते. शेवटी एटा व्हीलर नावाच्या समाजसेविकेने हेन्री बर्ग यांचे दार ठोठावले. या बर्ग यांनी १८६६ साली जनावरांचा छळ थांबवणारी संस्था काढली होती. त्यांच्या मदतीने पोरगी सुटली, बाईला तुरुंगवास झाला आणि त्यातूनच लेकरांच्या रक्षणाची संस्था उभी राहिली. म्हणजे घोड्यासाठी आधी दार उघडले आणि त्याच दारातून लेकरू आत आले.

पुढे १९८३ साली त्याच देशातल्या न्यू जर्सी राज्यात अभ्यास झाला. लेकरांचा छळ झाल्याचे सिद्ध झालेली आणि पाळीव जनावरे असलेली ५३ कुटुंबे पाहिली. ज्या घरांत लेकरांना मारहाण होत होती, त्यांतल्या ८८ टक्के घरांत जनावरांचेही हाल होत होते. याचा अर्थ बैलाला तुतारी टोचणारा प्रत्येक माणूस घरी लेकरू मारतो असा नव्हे. असा आळ आम्ही कोणावर घेणार नाही. पण जनावराच्या अंगावरचे वळ दिसले, तर त्या घरातल्या लेकराकडे एकदा पाहून यावे, एवढे तरी त्यातून शिकता येते.

आणि अमेरिका कशाला? आपल्या वऱ्हाडात काय कमी आहे? गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मले. बाप दारूने गेला. लहानपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाच्या घरी गुरे राखण्यात गेले. दारूने घर कसे मोडते ते त्यांनी लेकराच्या डोळ्यांनी पाहिले होते. पुढे पोरीच्या बारशाला त्यांनी रीत मोडून दारू-मटणाचे जेवण दिले नाही. कीर्तनातून त्यांनी देवापुढे बकरे कापण्याविरुद्ध बोलले आणि त्याच तोंडाने लेकरांना शाळेत घाला म्हणून सांगितले. मुका जीव आणि गरिबाचे लेकरू ही त्यांना दोन कामे वाटली नाहीत. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही प्राणिमात्रांवर दया आहे आणि दारूबंदीही आहे. आपण त्या पाठ म्हणतो. घरी गेल्यावर किती पाळतो, ते ज्याचे त्याने मनाला विचारावे.

खांदेमळणीला आपण बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावतो, पोळ्याला त्याला पुरणपोळी चारतो आणि पाडवा उलटला की पुन्हा तुतारी हातात घेतो. लेकराचेही तसेच. वाढदिवसाला केक आणि एरवी कानफटात.

मग करायचे काय? पहिले, पोरगा कुत्र्या-मांजराला छळताना दिसला तर त्याला झोडपू नका. एकट्याला जवळ बसवा आणि विचारा, “तुले कोन मारते बापा?” दुसरे, शेजारच्या घरात लेकराचा छळ होत असेल तर ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणू नका. १०९८ या नंबरावर पैसे न लागता फोन करता येतो. सांभाळणाऱ्यानेच लेकराला क्रूरपणे वागवले तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शाळेतल्या छडीला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. तिसरे, आमच्या कामगार भावांनो, साहेबाचा राग साहेबाजवळ युनियनमधून काढा. तो लेकराजवळ आणू नका. लेकरू तो मुक्या जिवाजवळ नेते, कारण त्याच्याहून लहान दुसरे कोणी नसते.

आमचा तो पोरगा आज बाप झाला आहे. मागच्या उन्हाळ्यात नातवाने दुधाचा गंज पालथा केला. आमचे लक्ष पोराच्या हाताकडे गेले. त्याने फडके घेतले, जमीन पुसली आणि नातवालाही पुसायला बसवले. आम्ही काही बोललो नाही, पण त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली.