पाण्याची गोळी, वजनकाटा आणि नर्सबाई

(मंडळाच्या आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडी काटछाट करून.)



सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर, धंद्याने आय.टी. कन्सल्टंट. गेली काही वर्षं इथल्या जी.पी. सर्जऱ्यांच्या सॉफ्टवेअरशी माझा रोजचा संबंध येतो, तेवढाच काय तो वैद्यकाशी नातेसंबंध. आपल्या मंडळात डॉक्टरांची कमी नाही, पहिल्या रांगेतच चार-पाच जण बसलेत आणि मी कुठे चुकतोय याची वाट बघतायत. तरी कार्यकारिणीने मला उभं केलं, कारण आजचा विषय डॉक्टरांचा नाही. तो नर्सचा आहे, आणि कोपऱ्यावरच्या आपल्या सर्जरीचा आहे.

आधी एका शब्दाबद्दल. आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत 'हृदयक्रिया बंद पडून' हे आपण लहानपणापासून वाचत आलोय. त्यामुळे इथला डॉक्टर जेव्हा शांतपणे सांगतो की तुमच्या वडिलांना हार्ट फेल्युअर आहे, तेव्हा घरात एकदम रडारड होते, नाहीतर कोणी विश्वासच ठेवत नाही: 'अहो, चालतायत बोलतायत की!' हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय थांबणं नव्हे. हृदयाचा पंप अशक्त किंवा ताठर होतो, शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलू शकत नाही, मग पाणी साठतं. पायाला सूज येते, जिना चढताना दम लागतो, रात्री आडवं झालं की धाप लागते, एकाच्या दोन उशा होतात, दोनाच्या तीन. ब्रिटनमध्ये सुमारे दहा लाख लोक हा आजार घेऊन जगतायत. हार्ट अटॅक हा वेगळा प्रकार. तो येऊन गेल्यावर हृदयाचा स्नायू दुबळा होऊन हे दुखणं मागे लागू शकतं, पण वर्षानुवर्षांच्या ब्लड प्रेशरनेही ते होतं.

आणि हे फक्त ऐंशीच्या घरातल्यांचं दुखणं आहे असं समजू नका. केरळात तिरुवनंतपुरमच्या हॉस्पिटलांनी २०१३ साली हार्ट फेल्युअरने भरती झालेल्या १२०५ रुग्णांची नोंद ठेवली. सरासरी वय निघालं ६१. पश्चिमेकडच्या अशा नोंदींमध्ये ते सत्तरीच्या पुढे असतं.

इथे याची सुरुवात जी.पी.कडेच होते. दम लागतो म्हणून गेलात की एक रक्ततपासणी करतात, एन.टी.-प्रो-बी.एन.पी. नावाची. हृदयावर ताण आला की हा पदार्थ रक्तात वाढतो. २०१८ च्या 'नाइस' मार्गदर्शिकेप्रमाणे आकडा २००० च्या वर गेला तर दोन आठवड्यांत, ४०० ते २००० मध्ये असला तर सहा आठवड्यांत तज्ज्ञाकडे जाऊन इको व्हायला हवा. हे आकडे लक्षात ठेवा, रिसेप्शनवर विचारायला उपयोगी पडतात. 'वयाने दम लागणारच' असं म्हणून घरी बसणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

इथपर्यंत डॉक्टरांचं काम. निदान झालं, औषधं लिहिली, खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते आणि ती घरात घडते.

माझे एक मामा चाळीस वर्षांहून जास्त काळ या देशात आहेत. एका हिवाळ्यात दोनदा भरती झाले, दोन्ही वेळा फुप्फुसात पाणी. दुसऱ्यांदा घरी आल्यावर हार्ट फेल्युअर नर्स भेटायला येणार असं पत्र आलं. मामा म्हणाले, "नर्स कशाला? मला कन्सल्टंट भेटू दे. नर्स इंजेक्शन देते, बँडेज बांधते. तिला हृदयातलं काय कळणार?" मंडळी, हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय. आपल्याकडे नर्सला 'सिस्टर' म्हणतात आणि तिचं न ऐकता 'डॉक्टर कधी येतील?' असं विचारतात.

बाई आल्या. वजन, ब्लड प्रेशर झालं, घोटे दाबून पाहिले. मग म्हणाल्या, "घरात जेवढी औषधं आहेत तेवढी सगळी टेबलावर ठेवा. दुकानातून आणलेलीसुद्धा." मामींनी बिस्किटाचा डबा आणला. त्यात गुडघ्यासाठी सुपरमार्केटमधून आणलेलं आयबुप्रोफेन निघालं. कोणत्याही डॉक्टरने ते दिलं नव्हतं, त्यामुळे कोणाच्याच कॉम्प्युटरवर ते नव्हतं. या गोळीने शरीरात पाणी आणि मीठ धरून राहतं, किडनीवर ताण येतो. डब्यात 'लो-सॉल्ट'ची बरणीही होती. मामींना वाटत होतं आपण मीठ कमी करतोय. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं, आणि मामांच्या औषधांनी आधीच पोटॅशियम वाढतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

पण मुख्य गोष्ट पुढे निघाली. बाईंनी विचारलं, "पाण्याची गोळी रोज घेता?" मामा म्हणाले, "हो, रोज." बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या मामींकडे पाहत बसल्या. मामी म्हणाल्या, "देवळात जायचं असलं की नाही घेत. लग्नाला, मंडळाच्या कार्यक्रमालाही नाही." सरळ आहे हो! फ्युरोसेमाइड घेतलं की दोन-तीन तास सारखं बाथरूमला पळावं लागतं. बसमध्ये काय करणार? आणि मामांचा आठवडा कार्यक्रमांनी भरलेला. म्हणजे आठवड्यातून तीन-चार दिवस गोळी नाही. दोनदा वॉर्डात झोपले, किती डॉक्टर येऊन गेले, पण सत्तरी ओलांडलेला मानी माणूस दहा मिनिटांच्या भेटीत पुरुष डॉक्टरला हे सांगत नाही. बाईंनी तासभर बसून ते काढलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गोळी सकाळीच घ्यायला पाहिजे असं कुठे आहे? देवळातून आल्यावर घ्या. दुपारी चारला घेतली तरी चालेल, चुकवू मात्र नका."

वजनाची वहीही त्यांनीच सुरू करून दिली. रोज सकाळी उठल्यावर, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नाही, पाणी आहे. दम लागायच्या आधी काटा सांगतो. अशा वेळी वाट बघत न बसता फोन करायचा, आणि फोन कुठे करायचा तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर.

आता तुम्ही म्हणाल, ही एका घरातली गोष्ट झाली, पुरावा काय? पुरावा आहे, आणि तो इथल्याच मातीतला आहे. ग्लासगोच्या वेस्टर्न इन्फर्मरीतल्या १६५ रुग्णांवरचा अभ्यास २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. निम्म्यांना नेहमीची सेवा, निम्म्यांकडे शिवाय तज्ज्ञ नर्सच्या घरभेटी, वर्षभर. नेहमीच्या गटात ५३ टक्के लोक एकतर दगावले किंवा हार्ट फेल्युअरने पुन्हा भरती झाले, नर्सच्या गटात ३७ टक्के. त्या लेखावर पहिलं नाव लिंडा ब्लू यांचं आहे, आणि त्या स्वतः नर्स.

पण मी इथे जाहिरात करायला उभा नाही. हॉलंडमध्ये १०२३ रुग्णांवर असाच मोठा प्रयोग झाला, तो २००८ मध्ये छापून आला, आणि त्यात नर्सच्या जादा भेटींनी भरती आणि मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. यावर वाद आहेत. तिथली नेहमीची सेवाच इतकी चांगली होती की वर आणखी काय घालणार, असं एक मत आहे, आणि मला ते पटतं. नर्सच्या नुसत्या येण्याने काही होत नाही. ती आल्यावर काय होतं, औषधं बदलतात का, यावर सगळं आहे.

कारण औषधं ही मोठी बाब आहे. पंप अशक्त झालेल्या प्रकारात आज चार जातींची औषधं एकत्र देतात, त्यातलं एक तर मुळात डायबेटिसचं. ती लहान डोसपासून सुरू करून वाढवत न्यायची, प्रत्येक वेळी ब्लड प्रेशर, किडनी, पोटॅशियम तपासायचं. कन्सल्टंटची पुढची तारीख सहा महिन्यांनी. मग मधल्या काळात डोस कोण वाढवणार? नर्स. २००६ पासून या देशात प्रिस्क्रायबिंगचं जादा शिक्षण घेतलेली नर्स जवळजवळ सगळी औषधं स्वतः लिहून देऊ शकते. तेव्हा 'तिला काय कळतं' हा प्रश्न निकालात निघाला. आणि घाई का करायची, तर 'स्ट्राँग-एच.एफ.' या २०२२ सालच्या अभ्यासात भरतीनंतर दोन आठवड्यांत डोस पूर्ण वर नेऊन वारंवार तपासलेल्या गटात सहा महिन्यांत १५ टक्के लोक दगावले किंवा परत भरती झाले, रेंगाळत चाललेल्या गटात २३ टक्के.

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं. आमच्या लोकांना वाटतं की प्रत्येक दुखण्यावर एक ॲप असतं. अमेरिकेत १६५३ रुग्णांवर 'टेलि-एच.एफ.' नावाचा प्रयोग झाला, निकाल २०१० मध्ये आला. रोज फोन करायचा, यंत्राचा आवाज प्रश्न विचारणार, तुम्ही बटणं दाबून वजन आणि लक्षणं सांगायची. फायदा काय झाला? काही नाही. १४ टक्के लोकांनी तर ते एकदाही वापरलं नाही. उलट जर्मनीत 'टिम-एच.एफ.-२' मध्ये, २०१८ साली, वजन आणि ई.सी.जी. रोज बर्लिनच्या शारिते हॉस्पिटलच्या केंद्रात जात होते आणि तिथे डॉक्टर-नर्स चोवीस तास बसलेले होते. तिथे मृत्यूसुद्धा कमी झाले. आम्ही सर्व्हरवर अलार्म लावतो, पण रात्री अलार्म वाजल्यावर उठणारा कोणी नसेल तर तो नुसता आवाज.

एक गोष्ट मात्र कॉम्प्युटरचीच आहे, आणि ती इथे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. १९८० च्या दशकात लफबराच्या डॉ. जेम्स रीड या जी.पी.ने आजारांना कोड देण्याची पद्धत बसवली. २०१८ पासून इंग्लंडमधल्या सर्जऱ्या त्याऐवजी स्नोमेड नावाची पद्धत वापरू लागल्या. तत्त्व तेच. तुमच्या नावापुढे हार्ट फेल्युअरचा कोड असेल तरच तुम्ही यादीत येता, आणि यादीत असाल तरच कॉम्प्युटर तपासणीचं बोलावणं काढतो. मामांच्या बाबतीत हॉस्पिटलचं पत्र सर्जरीत पोहोचलं होतं, स्कॅनही झालं होतं. पण त्यात इकोचा निकाल आद्याक्षरांत लिहिलेला, आणि कोड कोणी घातलाच नाही. म्हणजे कागद होता, रुग्ण यादीत नव्हता. पहिल्या भरतीनंतर सर्जरीतून एकही फोन आला नाही तो यामुळे. म्हणून रिसेप्शनवर जाऊन सरळ विचारा: "बाबांच्या रेकॉर्डवर हार्ट फेल्युअर कोड केलंय का?" त्यांना राग येत नाही. आला तरी येऊ दे. कोड असला की तब्येत स्थिर असतानाही निदान सहा महिन्यांनी एकदा तपासणी मागायचा तुमचा हक्क आहे.

आणि ती तपासणी प्रॅक्टिस नर्सने केली तर 'मला डॉक्टरच पाहिजे' म्हणून परत येऊ नका. घरच्यांपैकी कोणीतरी बरोबर जा. भाषेसाठी तर जाच, पण मामींनी केलं ते करायलाही जा.

मेळाव्यात नंतर एका काकूंनी विचारलं, "मग फराळाचं काय?" तर सांगतो. मोठ्या माणसाला दिवसाला मीठ सहा ग्रॅमपेक्षा जास्त नको, इथला सगळ्यांसाठीचा नियम, म्हणजे एक चहाचा चमचा. विकतच्या फरसाणाच्या पाकिटामागे दर शंभर ग्रॅममागे मीठ किती ते छापलेलं असतं. दीडपेक्षा जास्त असेल तर ते 'जास्त' या रकान्यात मोडतं. पापड आणि लोणचं हे तर मिठाचेच प्रकार. लाडू-करंज्यांत मीठ नसल्यासारखंच, पण त्यांच्यावरचं भाषण डायबेटिसवाल्या डॉक्टरांकडे आहे, मी त्यात पडत नाही. मामींनी चिवड्यात निम्मं मीठ घालून कढीपत्ता आणि आमचूर वाढवलं. मामा म्हणाले, फिका झालाय. डबा मात्र भाऊबीजेच्या आत संपला होता.