भरल्या पानावरून उठवू नये



संयोजकांनी सांगितलं, “पक्ष्यांवर पाच मिनिटं बोल.” शाळेत ‘पाच मिनिटं गप्प बस’ एवढंच ऐकलेल्या माझ्यासाठी ही बढतीच आहे.

अक्षीच्या सुरूच्या बनात आपण सहलीला जायचो. समोर ओल्या वाळूवर धावणाऱ्या पाखरांकडे मात्र आपलं लक्ष नसायचं. माझं गेलं ते चाळिशीनंतर, हातात कॅमेरा आल्यावर. हिवाळ्यात तिथे केवढी वर्दळ असते! लाट मागे सरली की तिच्यामागे पळणारे आणि लाट आली की उलटे धावणारे चिमुकले सँडरलिंग उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातून येतात. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडून येतात. हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरं असतं, त्यामुळे नावावरून शोधायला गेलेला हमखास फसतो.

आता एक कबुली. माझा बक्षीस मिळालेला फोटो आपल्या शाळेच्या ग्रंथालयात लावला आहे. संध्याकाळच्या उन्हात एकदम उडालेला पाणटिवळ्यांचा थवा. तो थवा आपणहून उडाला नव्हता. मी पुतण्याला त्यांच्या अंगावर धावायला सांगितलं होतं, एकदा नव्हे, चार वेळा. तिथे दुर्बीण घेऊन बसलेले एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले, “अहो, तुम्ही त्यांना भरल्या पानावरून उठवलंत.”

तेव्हा मला राग आला. नंतर वाचू लागलो, तेव्हा अर्थ कळला. ओहोटीला वाळू उघडी पडते, तेवढीच त्यांची जेवणाची वेळ. लांब चोच खुपसून ते किडे, शिंपले खातात आणि परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवतात. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याच्या जातीतला एक पक्षी २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियाला गेला. ११ दिवस, १३,५६० किलोमीटर, वाटेत कुठेही न उतरता! आपल्याकडे येणाऱ्यांची वाट वेगळी, पण शिदोरी तीच. आपण उठवलं की घास जातो आणि साठवलेलंही खर्च होतं. भरतीला ते कोरड्या वाळूवर दाटीने उभे असतात, ती त्यांची विश्रांती. तेव्हाही पिटाळायचं नाही.

आपल्या शेजारच्या किहीमला सलीम अलींनी १९३० मध्ये सुगरणींचा अभ्यास केला, तो घरट्यांजवळ आडोसा करून तासन्‌तास बसून. मीही आता बसायला शिकलो आहे. भरतीचं वेळापत्रक पाहतो, पाणी चढायला लागण्याआधी जातो, सूर्य पाठीशी घेऊन वाळूवर पालथा पडतो. पाणी वर सरकतं तसे पक्षी आपोआप जवळ येतात. कधी येतही नाहीत. मग चहा पिऊन घरी.

मुख्याध्यापकांना मी विनंती केली आहे, ग्रंथालयातला तो फोटो उतरवावा. बदली दुसरा दिला आहे: एकच पाणटिवळा, चोच वाळूत, निवांत जेवतोय. बक्षीस मिळण्यासारखा नाही. पण मुलांनी विचारलं, “हा कसा काढला?” तर खरं उत्तर देता येईल.

जानेवारीत अक्षीला या. मी असतोच. दुर्बीण नसली तरी चालेल. कुत्रा मात्र घरी ठेवून या.