सही करणारा हात



जुलमी सत्तेपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची कथा मराठीला नवी नाही. अण्णा भाऊ साठे यांचा फकिरा उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो आणि सरकारने आपल्या माणसांना कोंडलं तेव्हा त्यांच्यासाठी स्वतःहून हवाली होतो. १९५९ साली आलेली ही कादंबरी आजही अंगावर काटा आणते. तिथे शत्रू समोर आहे, त्याच्या हाती बंदूक आहे. मला आज बोलायचं आहे ते सत्ता ज्याच्याशी गोड बोलते त्या माणसाबद्दल.

वासिली ग्रॉसमन या रशियन लेखकाची ‘लाइफ अँड फेट’ ही कादंबरी इंग्रजीतून आपल्यापर्यंत पोचली. तिच्यातला व्हिक्टर श्ट्रूम हा मॉस्कोतला ज्यू भौतिकशास्त्रज्ञ. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. आधी त्याला एक प्रश्नावली भरायला लागते. राष्ट्रीयत्व, सामाजिक मूळ, परदेशात कुणी नातेवाईक आहेत का. एकेका रकान्यापाशी तो अडखळतो आणि आपण नेमके कोण, हे स्वतःलाच विचारू लागतो. फॉर्मवर जातीच्या रकान्यापाशी ज्यांचं पेन थबकलेलं आहे, त्या आपल्याकडच्या वाचकांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

पुढे तो काम करतो त्या संस्थेतलेच लोक त्याच्या संशोधनावर तुटून पडतात. भर सभेत चूक कबूल कर, म्हणजे प्रकरण मिटेल, असं त्याला सुचवलं जातं. माफीचा मजकूर तो लिहूनही काढतो, आणि ऐन वेळी सभेला जात नाही. फोन वाजायचा थांबतो. ओळखीचे लोक नजर चुकवतात. तो अटकेची वाट बघत घरात बसतो, भीतीने अर्धमेला होतो, पण स्वतःच्या नजरेतून उतरलेला नसतो.

आणि एके दिवशी फोन वाजतो. पलीकडे खुद्द स्टालिन. तो कामाला शुभेच्छा देतो, परदेशी नियतकालिकं मिळतात ना, अशी विचारपूस करतो. एवढंच. पण तेवढ्याने सगळं पालटतं. मान, सोयी, आर्जवं करणारे सहकारी, सगळं परत येतं. मग एका दुपारी साहेबांच्या खोलीत, अगदी आपुलकीने, त्याच्यापुढे एक पत्र ठेवलं जातं. निरपराध डॉक्टरांना दोषी ठरवणारं. धमकीपुढे न वाकलेला श्ट्रूम या आपुलकीपुढे वाकतो. तो सही करतो.

जुलमावरच्या कथात्म साहित्यात याहून खरं पान मी वाचलेलं नाही. छळ सोसताना माणसाजवळ गमावण्यासारखं फारसं उरत नाही. मेहेरबानी झाली की गमावण्यासारखं पुष्कळ जमा होतं, आणि आपण कशासाठी जगतो आहोत हा प्रश्न तेव्हा खऱ्या अर्थाने टोचू लागतो. ग्रॉसमनला हे ऐकीव नव्हतं. १९५३ साली ज्यू डॉक्टरांवर कुभांड रचलं गेलं, तेव्हा अशाच एका पत्रावर त्याने स्वतः सही केली होती. त्याच्या आईला १९४१ साली बर्दिचेव्हमध्ये नाझींनी मारलं. कादंबरी त्याने तिलाच अर्पण केली आहे. अपराधाची टोचणी त्याने पात्राच्या अंगात उतरवली, आणि श्ट्रूमला ना झाकलं, ना फासावर चढवलं. ही करुणा मला फार मोठी वाटते.

१९६१ साली केजीबीने या कादंबरीचं हस्तलिखित जप्त केलं, सोबत कार्बन पेपर आणि टंकयंत्राच्या फितीही नेल्या. ‘माझ्या पुस्तकाला मोकळं करा’ अशी विनंती त्याने ख्रुश्चेव्हला केली. उपयोग झाला नाही. १९६४ साली तो गेला. मित्रांनी जपलेल्या प्रतींमुळे १९८० साली कादंबरी स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली.

आपल्याकडे १९७५ साली कऱ्हाडच्या संमेलनात, ऐन आणीबाणीत, दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितली. पुढे त्यांना तुरुंगवास घडला. त्यांच्याबद्दल आपण अभिमानाने बोलतो आणि बोलायलाच हवं. पण त्या काळात जे गप्प राहिले, त्यांतही पुष्कळ सज्जन होते. चौकशी अहवालावर मान खाली घालून सही करणारा प्राध्यापक, वरून फोन आला म्हणून बातमी मागे घेणारा संपादक, बढतीचा कागद हाती आल्यावर सहकाऱ्याविरुद्ध जबाब देणारा कारकून. त्या रात्री घरी जेवताना बायकोशी तो काय बोलला, मुलांकडे त्याने कसं बघितलं, हे मला मराठीत वाचायचं आहे. इथे बसलेल्या तरुण लेखकांनी ते लिहावं, अशी माझी मनापासूनची मागणी आहे.