खळीचे रसायन



आम्ही बँकेतले कारकून, शिक्षणाने कला शाखेचे. रसायनशास्त्राच्या धास्तीने आम्ही विज्ञानाची वाट सोडली. ती चूक आपल्या मुलांनी करू नये, एवढ्यासाठीच आज उभे राहिलो आहोत.

मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये खळ देतात. तिने सूत ताठ होते व घर्षणाने सहसा तुटत नाही. सुती धाग्याची खळ बहुधा स्टार्चची, म्हणजे पिष्टाची असते. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब माळ. आपल्या भाकरीतही तेच असते. भाकरीचा घास दोन मिनिटे चावत राहा, तो गोडसर लागू लागतो. लाळेतील अमायलेज हे विकर ती माळ तोडते आणि साखर तयार होते. पुढे तिचेच ग्लुकोज होऊन ते रक्तातून शरीराला शक्ती देते. हे झाले जीवशास्त्र.

आपले पुष्कळसे कोरे कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानातील पाली, बालोत्रा अशा गावी जाते. रंग नीट बसावा म्हणून आधी खळ काढावी लागते. या कामासाठी कापडउद्योगात अमायलेजच वापरतात. जे तोंडात घडते, तेच हौदात! हा झाला उद्योग.

पण धुतलेली खळ जाते कुठे? ती तशीच नदीत सोडली, तर जंतूंना मेजवानीच. ती खाताना ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात हवेतला जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तो संपला की मासे गुदमरतात, पाणी नासते. रंगाईच्या सांडपाण्याने बिघडलेल्या पालीच्या बांडी नदीचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. आपल्या मोसम नदीत गटारांचे पाणी मिसळते, तेव्हा तिथेही प्राणवायूची हीच लूट चालते.

उपायही शास्त्रच सांगते. तेच जंतू टाकीत वाढवून त्यांना पंपाने हवा पुरवली, तर ही घाण बरीचशी टाकीतच संपते आणि नदीचा प्राणवायू वाचतो.

विद्यार्थी मित्रहो, नदीवरून जाताना नाकाला रुमाल लावणे सोपे आहे. तिच्यात काय वाढले, काय घटले आणि ते कसे सुधारायचे, हे मोजून सांगणारे आपल्या वस्तीतून निघाले पाहिजेत. आम्हाला ते जमले नाही. तुम्ही ते करा.